विणीचा नमुना छापला जातो तेव्हा

आजचा विषय जाहीर झाल्यावर ओळखीच्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "स्वेटरच्या नमुन्यांना कसला आलाय इतिहास?" त्यांना मी जे सांगितलं तिथूनच सुरुवात करते.

आपल्याकडे दुकानात विणायची सुई नंबरावर मागतात. दहा नंबरची द्या, अकरा नंबरची द्या. हे नंबर ब्रिटिश पद्धतीचे आहेत. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. दहा नंबरची सुई म्हणजे 3.25 मिलिमीटर जाडीची. अमेरिकेत बरोबर उलटं. तिथे नंबर वाढला की सुई जाड होते, आणि तिथली दहा नंबरची सुई असते 6 मिलिमीटरची. आता समजा, अमेरिकेहून कोणीतरी एक मासिक आणलं. त्यातला स्वेटर बाईंच्या मनात भरला. नमुन्यात लिहिलंय, सुई नंबर 10. बाईंनी घरातली दहा नंबरची सुई काढली, जाड लोकर आणली आणि अक्षर न् अक्षर पाळत महिनाभर विणलं. एकही टाका चुकला नाही. आणि हातात काय आलं? पुठ्ठ्यासारखं ताठ आणि दोन-तीन मापांनी लहान असं काहीतरी.

चूक कुणाची? विणणारीची नाही, छापणाऱ्याचीही नाही. छापील नमुना आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी बोलतो. बाकीचं तो वाचणारीच्या हातावर सोडून देतो. हे 'बाकीचं' कोणी, कधी, कसं कागदावर आणलं आणि त्यात काय मिळालं, काय हरवलं, हा आजचा विषय. ही गोष्ट मुख्यतः ब्रिटन-आयर्लंड आणि अमेरिकेतली आहे, कारण सुयांवरच्या विणकामाची छापील पुस्तकं आपल्याकडे आली ती बहुतेक तिथूनच. आपल्या घरांकडे शेवटी येईन.

पहिली गोष्ट लक्षात घ्या की शेकडो वर्षं विणकाम पुस्तकाशिवाय झकास चाललं होतं. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये हातमोजे, पायमोजे, टोप्या विणणं हा गरिबांचा पोटाचा धंदा होता. विल्यम ली नावाच्या गृहस्थाने 1589 मध्ये मोजे विणायचं यंत्र काढलं, तरी डोंगराळ भागातल्या बायका, पुरुष आणि पोरं हातानेच विणत राहिली. यॉर्कशरमधल्या डेंटचे विणकर तर विजेसारख्या हातांसाठी प्रसिद्ध होते. या लोकांना पुस्तक कशाला हवं? आईच्या मांडीशी बसून शिकायचं. मोजा कसा असतो हे बोटांना माहीत. आणि बहुतेकांना वाचता येत नव्हतं, हेही आहेच.

त्यामुळे इंग्रजीतली विणकामाची सर्वात जुनी माहीत असलेली छापील कृती सापडते ती एका औषधी नुस्ख्यांच्या पुस्तकात. 'नातुरा एक्झेंतेराता', लंडन, 1655. काढे, मलमं आणि चाटणं यांच्या गर्दीत मध्येच पायमोजा कसा विणावा ते दिलंय. ती कृती आज वाचायला घेतली तर डोकं गरगरतं. ज्याला मोजा विणता येतो त्यालाच ती कळेल, आणि ज्याला येतो त्याला तिची गरज नाही.

मग पुस्तकांची लाट आली कधी? जवळजवळ दोनशे वर्षांनी, 1837 ते 1845 या आठ-नऊ वर्षांत. आणि ती मोजे विणून पोट भरणाऱ्यांसाठी नव्हती. जर्मनीतून मऊ, सुरेख रंगवलेली मेरिनो लोकर येऊ लागली होती, तिला बर्लिन वूल म्हणत. हातात वेळ असलेल्या मध्यमवर्गीय घरांतल्या बायकांना ती हवीहवीशी वाटली. पण त्यांच्या आयांनी त्यांना मोजे विणायला शिकवलेलं नव्हतं. ते नोकरमाणसांचं काम. म्हणजे लोकर आहे, हौस आहे, आणि परंपरा नाही. पुस्तकाला जागा झाली ती इथे.

एडिंबरोच्या जॉर्ज स्ट्रीटवर जेन गोगेन नावाच्या बाईंचं लोकरीचं दुकान होतं. बाई मूळच्या स्कॉटलंडमधल्याच, आडनाव नवऱ्याकडून आलेलं फ्रेंच. गिऱ्हाईक लोकर घ्यायचं आणि विचारायचं, याचं करू काय? बाई कृती सांगायच्या, लिहून द्यायच्या. 1840 मध्ये त्यांनी 'द लेडीज असिस्टंट' हे पुस्तक काढलं आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. त्या काळात विणीच्या नमुन्याला इंग्रजीत 'रिसीट' म्हणत. स्वयंपाकाच्या कृतीला हाच शब्द होता, आणि औषधाच्या नुस्ख्यालाही. मला हे फार बोलकं वाटतं. पाककृतीत 'मीठ चवीपुरतं' लिहिलेलं असतं ना, तसाच सगळा मामला होता.

गोगेनबाईंनी एक मोठं काम केलं. हाताच्या प्रत्येक हालचालीला त्यांनी एक अक्षर दिलं. 'आता सुई मागून घालून दोरा पुढे घ्या' असं पानभर लिहिण्याऐवजी अक्षरांची एक ओळ. अडचण इतकीच की प्रत्येक लेखिकेची अक्षरं वेगळी. गोगेनबाईंच्या पुस्तकात 'पी' म्हणजे प्लेन, आपला सुलट टाका. आजच्या इंग्रजी नमुन्यात 'पी' म्हणजे पर्ल, उलट टाका. एकच अक्षर आणि अर्थ नेमका विरुद्ध! शिवाय त्या उलट टाक्याला कोणी पर्ल म्हणे, कोणी सीम, कोणी रिब. लंडनच्या मिस लॅम्बर्ट यांच्या 'माय निटिंग बुक'चं साल 1843. छोटेखानी, पिशवीत मावेल असं पुस्तक. त्यांनी अशा शब्दांचे अर्थ लावून दिले, आणि सुईची जाडी मोजायचं एक साधनही पुढे आणलं, 'स्टँडर्ड फिलिएर' नावाचं. बाईंचा पिंड इंजिनिअरचा होता असं मला वाटतं.

ही सुईच्या जाडीची गोष्ट किरकोळ नाही. हिशेब करून बघा. नमुना सांगतो, 220 टाके घाला. तुमच्या हाताला 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसले तर घेर झाला 100 सेंटिमीटर. तुमचा हात घट्ट आहे, 24 टाके बसले, तर तोच स्वेटर झाला पावणेब्याण्णव. दोन टाक्यांचा फरक, आणि सव्वाआठ सेंटिमीटर गेले! जुन्या पुस्तकांत हे प्रमाण बहुतेक दिलेलंच नसतं. नमुना छापलाय, पण तो केवढा होईल ते सांगितलेलं नाही.

आणि हो, उचलाउचल सर्रास होती. एकीच्या कृती दुसरीच्या पुस्तकात, नाव नाही, गाव नाही. पण जिची कृती चोरली, तिने ती कुठून घेतली होती? एखाद्या गिऱ्हाइकाकडून, एखाद्या मोलकरणीकडून, जिचं नाव कुठेच छापलं गेलं नाही. हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

पुढची साठ-सत्तर वर्षं मी भराभर ओलांडते. 1880 च्या दशकात वेल्डन कंपनीच्या पुस्तिका निघाल्या, दर महिन्याला, दोन पेन्सला, एकेका कामाची एकेक. आता पुस्तक न परवडणारीलाही नमुना मिळू लागला. विसाव्या शतकात लोकर कंपन्यांनी स्वतःची पत्रकं काढली. पॅटन्स अँड बाल्डविन्ससारख्या कंपन्यांना नमुना विकायचा नव्हता, लोकर विकायची होती. त्यामुळे पत्रकावर सुंदर चित्र, खाली आमचीच अमुक लोकर इतके गुंडे, आणि मग ओळीमागून ओळ हुकूम. पहिली ओळ असं करा, दुसरी ओळ तसं करा. हे वाईट होतं असं म्हणण्याचा मोह होतो, पण मी म्हणणार नाही. त्या पत्रकांवर लाखो मुलांचे स्वेटर झाले. फक्त एक झालं की विणणारीने विचार करायची गरज उरली नाही. चित्रातलं गळ्याचं माप बदलायचं म्हटलं की ती अडायची.

जाता जाता एक गंमत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी टपालाच्या सेन्सॉरने विणकामाच्या कृती परदेशी पाठवायला मनाई केली होती. त्या अक्षर-आकड्यांच्या ओळींत हेरांचा निरोप दडलेला असला तर कळणार कसा? ज्याने कधी विणलेलं नाही अशा माणसाला ते पान कसं दिसतं, याचा हा सरकारी पुरावाच.

या हुकूमशाहीतून बाहेर पडायची एक वाट होती चौकटींचा कागद. भरतकामात तो फार जुना आहे. विणकामात त्याचा नीट आग्रह धरला तो मेरी थॉमस यांनी. त्यांचं 'निटिंग बुक' 1938 चं आणि विणींचं पुस्तक 1943 चं. एक चौकट म्हणजे एक टाका. कापडाची दर्शनी बाजू जशी दिसते तसा आलेख. ओळ वाचायची तीही विणण्याच्या दिशेने, म्हणजे दर्शनी ओळ उजवीकडून डावीकडे. सुया फिरवल्या, मागची बाजू समोर आली, की डावीकडून उजवीकडे. आणि आलेखात सुलट दिसतोय तो टाका हातात उलट विणायचा.

इथे मराठीला दाद द्यावीशी वाटते. इंग्रजीत 'निट' आणि 'पर्ल' हे दोन शब्द, एकमेकांशी काही नातं नाही. शिकणाऱ्याला वाटतं दोन वेगळे टाके आहेत. आपण म्हणतो सुलट आणि उलट. हिंदीतही सीधा आणि उल्टा. आणि वस्तुस्थिती तीच आहे! टाका एकच, पुढून पाहिला तर सुलट, मागून पाहिला तर उलट. चौकटीचा कागद जे समजावतो ते आपल्या शब्दांतच आहे.

आता मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुस्तक काय काय करू शकतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. ॲरनचा स्वेटर तुम्ही पाहिलेला असतो, नाव माहीत नसलं तरी. साईच्या रंगाची जाड लोकर, त्यावर उभ्या वेण्या, पिळाचे दोरखंड, शंकरपाळ्यांच्या आकृती. आयर्लंडच्या पश्चिमेला ॲरन नावाची तीन बेटं आहेत, तिथला. दुकानदार तुम्हाला सांगेल की ही वीण हजार वर्षांची आहे, प्रत्येक घराण्याची वेगळी आहे, आणि बुडालेल्या कोळ्याचं प्रेत किनाऱ्याला लागलं की स्वेटरच्या विणीवरून घराणं ओळखत.

अंगावर काटा येतो, नाही? पण असं काही नव्हतं.

या गोष्टीचं एक बीज जॉन मिलिंग्टन सिंज यांच्या 'रायडर्स टू द सी' या 1904 च्या नाटकात आहे. त्यात बुडालेल्या भावाची ओळख पटते, पण ती साध्या पायमोज्यावरून. बहिणीने स्वतः विणलेला मोजा, टाके किती घातले आणि किती गाळले ते तिच्या लक्षात आहे, म्हणून. घराण्याच्या विणीचा त्यात संबंध नाही. पुढे 1936 मध्ये ऑक्सफर्डचा लोकरीचा व्यापारी हाइन्झ कीवे याने डब्लिनमध्ये असा एक स्वेटर विकत घेतला. तो पाहून भारावला. त्याने तो मेरी थॉमस यांना दाखवला, आणि त्यांच्या 1943 च्या पुस्तकात ॲरनच्या विणीचं छायाचित्र आलं. छापील पानावरचा हा पहिलावहिला काळ. कीवे तिथे थांबला नाही. त्याला या विणीत 'बुक ऑफ केल्स' या मध्ययुगीन हस्तलिखितातल्या आकृत्या दिसल्या, पवित्र चिन्हं दिसली. त्याने लिहिलं, लोकांनी उचललं, दुकानांनी चिठ्ठ्या छापल्या.

हा फुगा नीट फोडला तो रिचर्ड रट यांनी 'अ हिस्टरी ऑफ हँड निटिंग' या 1987 च्या पुस्तकात. रट कोण, तर लेस्टरचे बिशप! बरीच वर्षं कोरियात काढलेले, कोरियन कवितेचे अभ्यासक, आणि स्वतः उत्तम विणणारे. त्यांनी पुरावे मागितले, आणि पुरावे विसाव्या शतकाच्या अलीकडे-पलीकडेच थांबत होते. म्हणजे बेटावरच्या बायकांनी, आपल्या आजीच्या आठवणीच्या टप्प्यात बसेल इतक्या अलीकडे, हे सगळं स्वतः रचलं होतं. मला सांगा, यात कमीपणा कसला? मला तर हजार वर्षांच्या दंतकथेपेक्षा हे जास्त मोठं वाटतं. दंतकथेने केलं काय, की रचणाऱ्या हयात बायकांचं श्रेय काढून घेतलं आणि न सापडणाऱ्या पूर्वजांना दिलं.

त्याच काळात उलट टोकाचं काम ग्लॅडिस थॉम्प्सन करत होत्या. इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे कोळी घट्ट विणीचे गडद निळे स्वेटर घालत, त्यांना गर्न्सी म्हणतात. थॉम्प्सनबाई एका बंदरावरून दुसऱ्या बंदरावर जायच्या आणि कोळ्यांच्या अंगावरच्या विणी पाहून टाके मोजून उतरवून घ्यायच्या. त्यांचं पुस्तक 1955 चं. कुठल्या गावाला काय पाहिलं याची नोंद आहे, वेण्यांत गूढ अर्थ शोधायचा सोस नाही. ऐकायला रुक्ष वाटेल. पण आज कुणाला गर्न्सी विणायचा असेल तर ती कीवेकडे जात नाही, थॉम्प्सनकडे जाते.

आणि आता अमेरिका. इंग्लंडमध्ये 1910 साली जन्मलेल्या एलिझाबेथ झिमरमन विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झाल्या होत्या. स्वेटर गोल सुईवर, शिवण न घालता, नळीसारखा विणायचा ही त्यांची पद्धत. मासिकांनी त्यांचे नमुने घेतले आणि सपाट तुकड्यांत बदलून छापले, कारण वाचकांना तेच कळतं अशी संपादकांची समजूत. बाईंनी वाद घातला नाही, 1958 पासून स्वतःचं वार्तापत्र काढलं. 1971 च्या 'निटिंग विदाउट टिअर्स'मध्ये त्या ओळीमागून ओळ सांगतच नाहीत. त्या प्रमाण सांगतात. घेराचे टाके म्हणजे शंभर टक्के. बाही, गळा हे सगळं त्याच्या इतके टक्के. मग लोकर कुठलीही घ्या, सुई कुठलीही घ्या. दहा नंबरचा घोळ संपला! आणि नवी युक्ती सापडली की 'मी शोध लावला' असं म्हणायला त्या तयार नसत. त्यासाठी त्यांनी 'अनव्हेंट' असा शब्द बनवला. भावार्थ असा की कुठेतरी कुणीतरी बाईने हे आधी केलेलं असणारच, मला ते आत्ता सापडलं.

दुसऱ्या बार्बरा वॉकर. काही काळ वॉशिंग्टनमधल्या वर्तमानपत्रात काम केलेल्या. त्यांच्या लक्षात आलं की विणी शेकडो आहेत, पण जुन्या मासिकांत आणि पत्रकांत विखुरलेल्या, कुठल्यातरी स्वेटरच्या पोटात अडकलेल्या. त्यांनी वीण स्वेटरमधून सोडवून घेतली. 1968 च्या 'अ ट्रेझरी ऑफ निटिंग पॅटर्न्स'मध्ये पाचशेहून जास्त विणी आहेत. प्रत्येकीचा एक चौकोनी तुकडा विणलेला, त्याचं काळंपांढरं छायाचित्र, नाव आणि कृती. कपडा एकही नाही. दोन वर्षांनी दुसरा खंड आला, त्यात वाचकांनी पाठवलेल्या विणीही आल्या. रंगीत चित्रातल्या सुंदर मुलीच्या अंगावरचा स्वेटर पाहून जे सुचत नाही, ते हे काळेपांढरे तुकडे पाहून सुचतं, हा माझा अनुभव आहे. चित्र म्हणतं, असं कर. तुकडा विचारतो, माझं काय करशील?

आपल्याकडे हे पुस्तक फारसं पोचलं नाही. पण आपल्याकडे वही होती. मासिकांतली कात्रणं चिकटवलेली, 'सु. 2, उ. 2' अशी टिपणं असलेली, मध्येच टाचणीने लावलेला चार बोटं रुंदीचा विणलेला नमुना. मी पाहिलेल्या एका वहीत टाचणीचा गंज लोकरीला लागला होता, आणि बाजूला लिहिलं होतं, 'गाडीत समोर बसलेल्या बाईंच्या शालीवरून'. थॉम्प्सनबाईंचीच पद्धत, फक्त बंदराऐवजी रेल्वेचा डबा.

व्याख्यानाआधी एका ताईंनी चिठ्ठीवर विचारलंय, पुस्तकातली वीण आवडली तर ती आपल्या मापात बसवायची कशी? सांगते. विणीच्या वर लिहिलेलं असतं, अमुकचा पट. समजा, 12 चा पट. तुम्हाला घेर हवा 96 सेंटिमीटर. आधी त्याच विणीचा तुकडा विणा, धुवा, वाळवा, मग मोजा. 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसले, तर 96 ला हवेत 211. पण 211 ला बाराने भाग जात नाही. एक तर 204 घ्या, घेर साधारण 93 होईल. नाहीतर 216 घ्या, 98 होईल. आत सदरा घालणार असाल तर 216. काठाला सुई एक नंबर बारीक घ्या. आपल्या नंबराने म्हणतेय हं, म्हणजे दहा असेल तर अकरा.